प्रकल्प नोंदी: जळालेली कुलपं, कड्या आणि एक सागाची चौकट

१७ फेब्रुवारी २०२४, शनिवार

आजपासून नोंदी ठेवायच्या ठरवल्या. कारण आधी सांगून टाकते. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एका जळालेल्या दुकानाचं कुलूप आलं. पाकिटावर लेबल नीट, सह्या नीट, लाख नीट. आणि कुलपात किल्ली अडकलेली. पंचनाम्यात किल्लीचं नाव नाही. विचारपूस केली तेव्हा कळलं, जप्तीच्या वेळी कुणीतरी "चालते का पाहू" म्हणून मालकाकडची किल्ली आत घातली, फिरवली आणि ती अर्ध्यावर अडकली. झालं! आग लागली तेव्हा आतले लिव्हर (किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या) कुठे होते, ते आता त्या कुलपाकडून कधीच कळणार नाही.

सर विम्याच्या आगीच्या दाव्यांचे सर्व्हेअर. तीस वर्षं हेच काम. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं. ते म्हणाले, "किती तापलं की कुलपाचं काय होतं, हे आपण पुस्तकातून सांगतो. पुस्तकातली कुलपं आपल्या दारांवर नसतात." म्हणून हा उद्योग. बाजारातली कुलपं घ्यायची, काही लावून काही उघडी ठेवून जाळायची, मग उघडून पाहायची आणि खुणेची चिठ्ठी बांधून पेटीत ठेवायची. पुढचं जळकं कुलूप आलं की शेजारी ठेवून पाहता येईल.

"दार बंद होतं का?" असं सगळे विचारतात. त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत. पल्ला चौकटीला टेकलेला होता का? खटका किंवा कडी अडकलेली होती का? आणि अडकवली ती आतून की बाहेरून? कोणी अडकवली हा चौथा. तो आमचा नाही, पण पहिल्या तिघांची उत्तरं दिली की लोक चौथ्याचंही आमच्याच तोंडून काढू पाहतात.

२१ फेब्रुवारी, बुधवार

नागपूरच्या इतवारीतली लोहाओळी. लिव्हरची कुलपं आठ, पितळी पिनांची चार, नाइट लॅच तीन (दोन स्वस्त, एक बरं), मॉर्टिस दोन, अल्ड्रॉप चार, टॉवर बोल्ट (नळीत सरकणाऱ्या दांड्याची कडी) सहा. दुकानदार बिल करता करता म्हणाला, "ताई, होस्टेल काढून राहिल्या का?" जाळायला नेतेय म्हटल्यावर त्याने पैसे आधी मोजून घेतले.

दुपारी सीताबर्डीला चाबीवाल्या चाचांकडे. फूटपाथवर छत्री, शेजारी चाब्यांचा गुच्छ लटकवलेली सायकल. त्यांनी एक जुनं लिव्हरचं कुलूप करवतीने उभं कापून दाखवलं. आत पत्र्याच्या पातळ पट्ट्या एकीवर एक, प्रत्येकीला खाच, प्रत्येकीला आपली स्प्रिंग. किल्लीचे दात पट्ट्या नेमक्या हव्या तेवढ्या उचलतात, सगळ्या खाचा रांगेत आल्या की खटक्यावरची खुंटी त्यांतून सरकते. पट्टी कमी उचलली तरी खुंटी अडते, जास्त उचलली तरी अडते. ही दोन्हीकडून अडवायची युक्ती इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनची, १७७८ सालची. आपल्या गल्लीतल्या कुलपांत अजून तीच चालू आहे. पिनांचं कुलूप त्यानंतरचं. आताच्या रूपातलं ते लायनस येल ज्युनिअर या अमेरिकन माणसाने १८६०च्या दशकात पेटंट केलं. त्यात गोल गाभा, त्याला आडव्या जाणाऱ्या पिनांच्या जोड्या आणि वरून दाबणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगा.

जळालेली कुलपं उघडायला मदत कराल का विचारलं. "जला हुआ ताला कायको खोलते मैडम? नया ले लो ना." मग थोडं थांबून, "लाओ, देखते."

२ मार्च, शनिवार

हिंगणा एमआयडीसीत ओळखीच्यांचं हीट ट्रीटमेंटचं वर्कशॉप आहे. त्यांची छोटी भट्टी दिवसभर मिळाली. प्रत्येक घाणा अर्धा तास.

२५० अंश: आतल्या ग्रीसचा धूर. पोलादी स्प्रिंगांवर गव्हाळ रंग चढला. चाल जशीच्या तशी, किल्ली नेहमीसारखी फिरते (ही आमचीच कुलपं, म्हणून फिरवली).

४०० अंश: स्वस्त नाइट लॅचने मान टाकली. त्याची पेटी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते आणि तो धातू ३८०च्या आसपासच वितळू लागतो. ट्रेमध्ये राखाडी थारोळं. पोलादी खटका आणि स्प्रिंग त्यात शिऱ्यात बेदाणे रुतावेत तसे रुतलेले. आजवर अशा गोळ्याला आम्ही "पूर्ण नष्ट" म्हणून बाजूला ठेवत होतो. आता पाहिलं तर खटका पेटीच्या तोंडातून किती बाहेर होता ते गोळ्यात गोठून राहिलेलं दिसतं. मात्र वितळताना दार ज्या बाजूला कललं त्या बाजूला सगळं वाहतं, त्यामुळे गोळा जमिनीवर कुठे आणि कसा पडला याच्या फोटोशिवाय ते वाचता येत नाही.

६०० अंश: आजची खरी कमाई. पिनांच्या कुलपांचे पितळी सिलिंडर दोन, एकाच दुकानातले, एकाच नमुन्याचे. एकात त्याची किल्ली घालून ठेवली होती, दुसरा रिकामा. दोन्हींतल्या स्प्रिंगांचा जीव गेला, म्हणजे दाबलेल्या जागीच त्या बसल्या, परत ताठ झाल्या नाहीत. मी धरून चालले होते की किल्ली असलेल्या सिलिंडरात स्प्रिंगा वेगवेगळ्या लांबीच्या निघतील, कारण किल्लीचे दात कमीजास्त असतात. निघालं उलटं. किल्लीवाल्यात सगळ्या एका लांबीच्या आणि आखूड. रिकाम्यात लांब आणि असमान. चाचांना फोन केला तर हसले. बरोबर किल्ली घातली की खालच्या सगळ्या पिनांचे माथे एका रेषेत येतात, त्यावरच्या पिना एका उंचीवर, मग स्प्रिंगाही सारख्याच दाबल्या जाणार. दातांचा कमीजास्तपणा खालच्या पिनांच्या लांबीने आधीच भरून काढलेला असतो. किल्ली नसली की खालच्या पिना तळाशी टेकतात आणि त्यांच्या माथ्यांचा चढउतार स्प्रिंगांवर उमटतो. सहा वर्षं मी हे काम करते आणि हे मला फूटपाथवरून शिकावं लागलं.

८५० अंश: पितळ अजून वितळलं नाही (त्याला ९००च्या वर लागतात), पण पृष्ठभागातलं जस्त उडून तांब्याची लाली आली आणि भोवती पांढरी भुकटी जमली. आतल्या स्प्रिंगांचा बारीक गुंता. किल्ली असलेलं आणि नसलेलं कुलूप आता सारखंच दिसतं. म्हणजे स्प्रिंगांच्या लांबीची खूण मधल्या आचेपुरतीच. भट्टीवरच्या दादांनी आधीच बजावलं होतं, तो पांढरा धूर हुंगू नका, रात्री ताप भरतो.

९ मार्च, शनिवार

चूक नोंदवायची म्हणून नोंदवते. २०० अंशांचा एक जादा नमुना चाचांकडे नेला. मी बॅगेतून कॅमेरा काढेपर्यंत त्यांनी सवयीने बाटलीतलं रॉकेल कुलपात सोडलंसुद्धा. गंजलेलं, अडलेलं कुलूप आलं की पहिलं काम तेच. नमुना आमचा होता म्हणून बरं. खऱ्या प्रकरणातलं असतं तर? त्याच कुलपावरून प्रयोगशाळेला रॉकेल-पेट्रोलचा अंश शोधायचा असतो, आणि तो सापडलाही असता!

चाचांची चूक नाही. सांगितलं कोणी होतं? आता डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: तेल नाही, पाणी नाही, ब्रश नाही, किल्ली नाही. आधी वासाचे नमुने, मग फोटो, मग रेडिओग्राफ (धातूच्या आरपार काढलेला फोटो), मग बाकी सगळं.

२५ मार्च, सोमवार, धुळवड

काल रात्री चौकातल्या होळीत तारेला बांधून चार कुलपं सोडली. पोरांना वाटलं काही नवस आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ताला जाळला म्हणजे घरात चोरी होत नाही का गं?" हो म्हटलं. समजावण्यापेक्षा ते सोपं.

सकाळी रंग सुरू व्हायच्या आत राखेतून काढली. एक कुलूप ज्वाळेत वरच्या बाजूला लटकलं होतं, त्यावर काजळीचा जाड थर. दोन निखाऱ्यांत गाडली गेली होती. ती अजून हात लावू देत नव्हती आणि त्यांच्यावर काजळीचा मागमूस नाही. भाजून निघालेला करडा धातू. काजळी म्हणजे कोळसाच, आच पुरेशी वाढली की तीही जळून जाते. म्हणजे "इथे काजळी नाही, तेव्हा इथे धूर पोचला नाही" हे वाक्य मी आजवर किती अहवालांत लिहिलं असेल कोण जाणे. स्वच्छ जागा दोन प्रकारची असते, झाकलेली आणि जळून स्वच्छ झालेली. झाकलेल्या जागी मूळचा रंग, मुलामा, तेलाचा ओशटपणा काहीतरी शिल्लक असतं. जळून स्वच्छ झालेल्या जागी काहीच नसतं.

चौथं कुलूप सापडलं नाही. बहुतेक कुणीतरी नेलं.

६ एप्रिल, शनिवार

हिंगण्यातच वेल्ड तपासणारी एजन्सी आहे, बॉयलरच्या नळ्यांचे जोड तपासायचं त्यांचं रोजचं काम. रेडिओग्राफसाठी कुलपं घेऊन गेले तर आधी हसले, मग त्यांनाच गंमत वाटू लागली. काम रात्री, आवारातली माणसं गेल्यावर, दोरी बांधून. किरणांचा स्रोत इरिडियम-१९२. त्याची तीव्रता ७४ दिवसांत निम्मी होते, म्हणून दर वेळी वेळेचा हिशेब नव्याने. दवाखान्यातला एक्स-रे जाड पितळातून पार होत नाही, हे मी गेल्या वर्षी एका दंतवैद्याच्या कृपेने शिकले आहे.

फिल्मवर लिव्हरचं कुलूप सुंदर दिसतं. खटका, खुंटी, पट्ट्यांच्या खाचा, सगळं न उघडता. पण एकाच बाजूने घेतलं तर पट्ट्या एकमेकींवर पडून काही कळत नाही. दोन काटकोनांतून घ्यायचंच. पैसे दुप्पट, सर कुरकुरले, मग कबूल झाले.

१९ एप्रिल, शुक्रवार

मतदान, काम बंद. रांगेत उभी असताना शाळेच्या खोल्यांची दारं पाहत होते. बाहेरून अल्ड्रॉप, आतून वर आणि खाली टॉवर बोल्ट. कुलूप एकाच दाराला. घरी येऊन आमच्या वाड्यातली दारं मोजली. अकरा दारं, रोज किल्लीने बंद होणारं एक.

मी दोन महिने कुलपं जाळत बसले आणि आमच्या शहरात आगीच्या वेळी दार अडवते ती बहुतेक वेळा साधी कडी!

संध्याकाळी सरांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांच्या उमेदवारीच्या काळातली, स्टोव्ह भडकल्याची म्हणून आलेली प्रकरणं सांगितली. स्वयंपाकघर, आत सून, आणि सगळा खटला एका वाक्यावर: कडी आतून होती की बाहेरून. पंचनाम्यात "दरवाजा तुटलेला" एवढंच. कडी कोणी उचलून आणली नव्हती. त्या माणसांबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. पण प्रकल्पाचा आराखडा आज बदलला.

४ मे, शनिवार

उमरेड रोडकडे सरांच्या मेहुण्यांची वीटभट्टी आहे. तिथल्या मोकळ्या जागेत आठ बाय सहा फुटांची विटांची खोली रचली, वर पत्रा, एक सागाचं जुनं दार चौकटीसकट. दाराला आतून वर-खाली टॉवर बोल्ट, बाहेरून अल्ड्रॉप. अग्निशमन केंद्राला आधी पत्र, पाण्याचा टँकर शेजारी. ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून पहाटे साडेपाचला पेटवलं. लाकडी पलंग, कापसाची गादी, जुने कपडे. रॉकेल-पेट्रोल काही नाही.

सुतारकाका भंडाऱ्याकडचे. दार जाळायचं म्हटल्यावर त्यांचा जीव तुटत होता. "सागाचं आहे जी ताई, हे काऊन जाळता? मले द्या, बाभळीचं करून देतो जाळाले."

बारा मिनिटांनी वरच्या फटीतून काळा धूर जोरात बाहेर, खालच्या फटीतून हवा आत. हे डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा विसरत नाही. खोलीतला गरम वायू वर साचतो आणि दाराच्या वरच्या अर्ध्या भागातून बाहेर ढकलला जातो. खालच्या अर्ध्यातून थंड हवा आत ओढली जाते. म्हणून एकाच दारावरच्या दोन कड्यांना दोन वेगळ्या आगी भेटतात. छताखालची आच सहाशेच्या आसपास गेली की खोलीतलं सगळंच एकदम पेट घेतं. आमच्याकडे वरचा थर्मोकपल (आच मोजायची तार) तिथवर गेला आणि दोन मिनिटं टिकला, तोवर पत्रा वाकला आणि आम्ही पाणी मारलं.

निवल्यावर आधी फोटो. मग वरची कडी हाताने खाली सरकवली, आणि जे शोधत होतो ते समोर. दांड्यावर तीन पट्टे. टोकाचा तुकडा, जो चौकटीच्या भोकात होता, तो चकचकीत, जस्ताचा मुलामा शाबूत. मधला, जो पल्ला आणि चौकट यांच्यामधल्या फटीत उघडा होता, तो काळा. खालचा, नळीतला, पुन्हा स्वच्छ. नंतर कोणी कितीही वेळा कडी सरकवली तरी हे पट्टे दांड्यासोबतच फिरतात. आगीत कडी कुठे होती ते दांडा स्वतःच्या अंगावर घेऊन हिंडतो. मी याला सावली म्हणते. सर "संरक्षित भाग" लिहितात.

वरच्या कडीच्या सावलीची कड दोनेक मिलिमीटर धूसर, कारण फटीतून गरम वायू भोकातही शिरतो. खालच्या कडीची कड सुरीने कापावी तशी. साक्षीला खालची कडी बरी. पण लोक लावतात बहुधा वरचीच, खालची वाकून लावायचा कंटाळा.

बिजागऱ्याही काढल्या. दार बंद होतं, त्यामुळे बिजागरीच्या दोन पानांच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटून स्वच्छ राहिल्या. दुसऱ्या फेरीत (ते दार बाभळीचं, काकांचं मन राखलं) पल्ला चार बोटं उघडा ठेवला. बिजागरीच्या आतही काजळी, पल्ल्याची कड गोलाई घेऊन कोळसलेली आणि चौकटीच्या आतल्या खाचेतही कोळसा. कुलूप आणि कडी हरवली तरी बिजागरी सहसा जागेवर असते. तिला कोणी हात लावत नाही म्हणून.

शेवटी एक दांडगाई. तिसऱ्या दाराची कडी लावून, अर्धवट जाळून, विझवून, भट्टीवरच्या दोघांना सांगितलं, धक्का मारून तोडा. भोकाची आतल्या बाजूची कड फुटून निघाली, आतलं लाकूड पिवळंधमक. जळायच्या आधी तोडलेल्या दाराचं फुटलेलं तोंड काळं कोळसलेलं असतं. हा फरक फोटोतही दिसतो, म्हणून याची तक्रार मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांकडे: लांबून दार काढता, जवळून भोक काढा की!

३१ मे, शुक्रवार

काल शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर नागपूर गाजलं. हवामान खात्याने मग सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आमचा एक के टाइप थर्मोकपलही ४ मेच्या दुसऱ्या फेरीत असाच बहकला होता. खालच्या कडीजवळ ७००, शेजारी कागदाची कड न जळता पडलेली. मी तो आकडा मोठ्या हौसेने तक्त्यात घातला होता, आज काढला. ऊन इतकं की भट्टीचं काम जूनवर ढकललं.

२३ जून, रविवार

पाऊस लागला. ४ मेच्या कड्यांपैकी एक मुद्दाम उघड्यावर ठेवली होती, एक कागदी पाकिटात सिलिका जेल घालून, एक प्लॅस्टिकच्या पिशवीत. प्लॅस्टिकवाली सगळ्यांत वाईट. आत दव धरला आणि सावलीच्या जागी लालसर गंज. उघड्यावरची तिच्यापेक्षा किंचित बरी. कागदातली जशीच्या तशी. वासाचा नमुना घ्यायचा असेल तर हवाबंद डबा लागतोच, म्हणजे कडी आधी डब्यात, तो तपास झाला की कागदात.

१ जुलै, सोमवार

आजपासून नवे कायदे. भारतीय दंड संहितेतलं घर जाळण्याचं ४३६ आता भारतीय न्याय संहितेच्या ३२६मध्ये गेलं. आमच्या कामाला लागणारी गोष्ट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६मध्ये आहे: सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. कलम १०५ प्रमाणे जप्तीचंही चित्रीकरण. किल्ली कोणी घातली हे निदान व्हिडिओत तरी दिसेल.

८ जुलै, सोमवार

पहिलं खरं प्रकरण. गांधीबागेतलं कापडाचं दुकान (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). पुढे शटर, मागे बोळाच्या बाजूला लाकडी दार. मालकाचं म्हणणं, मागची कडी आतून लावून, शटरला कुलूप घालून तो घरी गेला. बोळातल्या शेजाऱ्यांचं म्हणणं, धूर दिसला तेव्हा आम्ही मागचं दार ढकललं, एका धक्क्यात उघडलं. विमा कंपनीला एवढंच हवंय: मागचं दार आधीपासून उघडं होतं का.

पाकिटात फक्त टॉवर बोल्ट. कागदी पाकीट, कोरडं; कुणीतरी शहाण्याने पाठवलंय. दांडा नळीत मागे ओढलेला. टोकाला १९ मिलिमीटरचा स्वच्छ पट्टा, मग काळा, मग पुन्हा स्वच्छ. वरची कडी असल्याने कड थोडी धूसर.

सर म्हणाले, "लिहून टाकू, लावलेली होती."

मला होळीची राख आठवली. टोकाच्या पट्ट्यावर मुलामा दिसत नाही. दांडा मुळात बिनमुलाम्याचा, काळ्या रंगाचा असावा, आणि रंगही उरलेला नाही. तो भोकात झाकलेला होता म्हणून स्वच्छ, की मोकळा वर उभा राहून जळून स्वच्छ झाला? एकट्या दांड्यावरून मी शपथेवर सांगणार नाही. भोक पाहिजे. भोक चौकटीत, आणि चौकट कोणी आणली नाही.

१० जुलै, बुधवार

दुकानाचा मलबा पाच दिवसांपूर्वीच उचललाय. ठेकेदार म्हणतो लोखंड कबाड्याकडे, लाकूड "कोणी कोणी नेलं".

११ जुलै, गुरुवार

सुतारकाकांना घेऊन सकाळपासून बोळात. चौकट चौथ्या घरी सापडली. गच्चीवर ताडपत्रीखाली आडवी टेकू म्हणून लावलेली, अर्धी कोळसा, अर्धी ठणठणीत. घरच्या आजी देईनात. "पावसाचं काय करू बाई? पाणी गळून राहिलं." काकांनी जाऊन बांबू आणला, टेकू बदलून दिला, मग चौकटीचा डोक्यावरचा फूटभर तुकडा कापला. भोकाला धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना चार-चार इंच सोडून. बोळातले दोघं पंच म्हणून थांबले, सगळं मोबाइलवर चित्रित केलं, चौकट कुठून कुठे गेली तेही लिहून घेतलं. पाच दिवस ती कुणाच्या ताब्यात होती यावर उलटतपासणीत बोट ठेवलं जाणारच. जागच्या जागी दांडा भोकात घालून पाहायचा मोह झाला होता. नाही घातला.

ऑफिसात दिव्याखाली. भोकाच्या तोंडाशी काजळीचं कडं, आत मात्र लाकूड उजळ, तळाशी जुन्या ऑइलपेंटचा सुकलेला ओघळ तसाच. भोक रिकामं असतं तर वरून ढकलला जाणारा धूर आधी तिथेच शिरला असता. भोकाच्या आतल्या उजळ भागाची खोली १८ ते १९ मिलिमीटर. आग लागली तेव्हा कडी लावलेली होती, आता लिहिता येईल.

पण भोकाची आतल्या बाजूची कड शाबूत आहे. फुटलेली नाही, दबलेलीसुद्धा नाही. वीटभट्टीवर दोघांनी तोडलेल्या दारासारखं इथे काहीच नाही. म्हणजे कडी धक्क्याने निघाली नाही. कुणीतरी ती हाताने खाली ओढली, आणि काजळी बसल्यानंतर. दांड्याच्या काळ्या पट्ट्यावर नळीच्या तोंडाने ओढलेली ताजी उभी ओरखड आहे, ती काजळीच्या वर. कडी आतून होती, तर ओढणाराही आतच होता.

सर म्हणाले, अग्निशमनची माणसं शटर कापून आत गेली असतील, धूर काढायला त्यांनीच मागचं दार उघडलं असेल. असेल. मग शेजाऱ्यांचा तो एक धक्का त्यानंतरचा ठरतो. केंद्रावर फोन केला. त्या रात्री आत शिरलेला जवान सुट्टीवर गावी गेलाय, सोमवारी येतो. तोपर्यंत अहवालातला हा परिच्छेद कोरा ठेवलाय.

आजींची ताडपत्रीची दोरी आमच्याकडे राहिली, ती नेऊन द्यायची आहे.